वेरूळच्या लेण्यांचा चित्रकार : जेम्स वेल्स

खुलताबाद तालुक्यातील वेरूळची लेणी आज जगप्रसिद्ध आहेत. १९८३ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. बौद्ध, हिंदू व जैन अशी चौतीस लेणी येथे एकाच डोंगराच्या कुशीत आहेत आणि त्यांत कैलास लेणे तर एका अखंड पाषाणातून वरून खाली कोरत आणलेले आहे. परंतु छायाचित्रणाचा शोध लागण्यापूर्वी, दूरदेशीच्या लोकांना या लेण्यांचे दर्शन कसे घडले असेल? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपण जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या चरित्रापाशी येऊन पोहोचतो.

वेल्स यांचा जन्म १७४७ साली स्कॉटलंडमधील पीटरहेड या गावी झाला. ॲबर्डीन येथील मारिशल महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. पुढे ते लंडनला आले. १७६८ साली स्थापन झालेल्या रॉयल ॲकॅडमीचा त्या काळी चित्रकलेवर मोठा प्रभाव होता. तिच्या प्रदर्शनांतही वेल्स यांची चित्रे झळकली. परंतु लंडनमध्ये नामवंत चित्रकारांची गर्दी होती. ईस्ट इंडिया कंपनीची परवानगी मिळवून १७९१ साली ते मुंबईत दाखल झाले. मुंबई बेटाची त्यांनी रेखाटलेली बारा दृश्ये पुढे १८०० साली प्रसिद्ध झाली.

पुण्याच्या दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांनी वेल्स यांना पुण्यास बोलावले. तेथे त्यांनी सवाई माधवराव पेशवे, नाना फडणवीस व महादजी शिंदे यांची तैलचित्रे काढली. पेशवे आणि नाना यांचे १७९२ सालचे एकत्रित चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे. नानांची ती उंच, सडपातळ आकृती व गंभीर मुद्रा आपल्या परिचयाची आहे, याचे श्रेय बऱ्याच अंशी या परकीय चित्रकाराकडे जाते.

आपल्या चर्चमधील अनेक पाश्चात्त्य चित्रांत जवळच्या वस्तू मोठ्या, दूरच्या लहान आणि प्रकाश एका बाजूने आलेला दिसतो. युरोपात प्रबोधनकाळी पंधराव्या शतकात फ्लॉरेन्स येथे या रीतीला गणिती शिस्त लाभली. आपल्याकडील लघुचित्रांची दृष्टी वेगळी होती. तेथे व्यक्तीचे आकारमान अनेकदा तिच्या महत्त्वावरून ठरे. वेल्स यांनी पाश्चात्त्य रीत पुण्यात आणली. पेशव्यांच्या आश्रयाने शनिवारवाड्यात एक चित्रशाळा उभी राहिली आणि एतद्देशीय विद्यार्थी तेथे शिकू लागले.

त्यांतील सर्वांत गुणी चित्रकार गंगाराम चिंतामण तांबट. वेल्स येण्यापूर्वीच, १७९० साली, पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातील गेंड्याचे चित्र त्यांनी काढले होते. म्हणजे वेल्स यांना कोरी पाटी मिळाली नव्हती. तयार हाताला नवी दृष्टी मिळाली, असे म्हणणे अधिक न्यायाचे होईल. गंगाराम यांनी कार्ले व वेरूळ येथील लेणी रेखाटली. त्यांच्या चित्रांत यथार्थदर्शनाची शिस्त आहे आणि या मातीतल्या माणसाची जवळीकही आहे.

स्वतः वेल्स यांना लेण्यांचा ध्यास लागला होता. घारापुरी, कान्हेरी, कार्ले, वेरूळ अशी त्यांची भटकंती सुरू झाली. १७९३ साली थॉमस डॅनियल व त्यांचे पुतणे विल्यम हे इंग्रज चित्रकार मुंबईत आले, तेव्हा वेल्स यांनीच त्यांना परिसरातील लेणी दाखवली. लेण्यांतील अंधार, ओलावा, वटवाघळे, सभोवतालचे रान आणि हिवतापाची भीती यांची कल्पना केली, म्हणजे हे काम किती कष्टाचे होते ते ध्यानी येते.

त्या कष्टांची किंमत त्यांना मोजावी लागली. नोव्हेंबर १७९५ मध्ये साष्टी बेटावर त्यांचे निधन झाले. वय अठ्ठेचाळिसाच्या आसपास होते. महादजी शिंदे आदल्या वर्षीच निवर्तले होते आणि सवाई माधवरावांचा अंत काही आठवड्यांपूर्वीच, ऑक्टोबरात झाला होता. गुरू गेले, आश्रयदाताही गेला. चित्रशाळा फार काळ टिकली नाही. मॅलेट यांनी पुढे १७९९ साली वेल्स यांच्या कन्येशी, सुझॅना यांच्याशी, विवाह केला.

अपुरे राहिलेले कार्य डॅनियल यांनी तडीस नेले. वेल्स यांच्या रेखाटनांवरून वेरूळच्या चोवीस दृश्यांचा ग्रंथ १८०३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. ताम्रपटावर कोरून छापलेल्या त्या चित्रांनी युरोपातील रसिकांपुढे कैलास लेणे उभे केले. वेल्स यांनी आरंभलेले पेशवे दरबाराचे भव्य चित्रही डॅनियल यांनीच १८०५ मध्ये पूर्ण केले. आपली ही दोन्ही कामे पूर्ण झालेली पाहण्याचे भाग्य वेल्स यांना लाभले नाही.

येथे आम्हांस एक गोष्ट आवर्जून नोंदवावीशी वाटते. त्या ग्रंथामुळे वेल्स व डॅनियल यांची नावे कलेच्या इतिहासात स्थिर झाली. गंगाराम यांचे नाव मात्र दीर्घकाळ विस्मृतीत राहिले. त्यांची चित्रे आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत आणि अभ्यासक त्यांना त्यांचे स्थान परत देत आहेत. ज्या कारागिरांनी कैलास कोरला, त्यांची नावे तर कोणालाच ठाऊक नाहीत. वेरूळला जाणाऱ्या आमच्या वाचकांनी कैलासापुढे क्षणभर थांबून या तिघांचे स्मरण करावे : अनाम शिल्पी, परदेशी गुरू आणि त्यांचा पुण्याचा शिष्य.