शब्द द्यायचा कोणी?

घरातला कर्ता माणूस बाहेर कोणाला शब्द देऊन आला, की तो निभवावा लागतो घरातल्या सगळ्यांना. देशांचेही तसेच असते. लष्करी करारावर सही एक माणूस करतो, पण वेळ आली तर रणावर जातात ती दुसऱ्यांची मुले. म्हणूनच अमेरिकेत नवा अध्यक्ष आला आणि नाटोचे काय होणार, मित्रराष्ट्रांचा भार किती दिवस वाहायचा, अशी चर्चा सुरू झाली, की मला हटकून हॅरी ट्रुमन आठवतात. नाटोचा जन्म त्यांच्या कारकिर्दीतला आणि त्यावरचा पहिला कडाक्याचा वादही तेव्हाचाच. हा गृहस्थ अध्यक्ष झाला, तोही ध्यानीमनी नसताना.

ट्रुमन यांचा जन्म ८ मे १८८४ रोजी मिसुरी राज्यातल्या लामार या गावी झाला. लहानपणापासून डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, त्यामुळे मैदानी खेळ बेताचेच. पुस्तके आणि पियानो हीच करमणूक. महाविद्यालयाची पदवी त्यांना कधीच मिळाली नाही. ऐन तारुण्यातली दहा-अकरा वर्षे शेतीत गेली. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये तोफखान्याचे कॅप्टन होते. सैनिक पाठवणे म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः चिखलात उभे राहून पाहिले होते.

१९१९ मध्ये परत आल्यावर त्यांनी बेस वॉलेस यांच्याशी लग्न केले आणि त्याच वर्षी लष्करातला मित्र एडी जेकबसन याच्याबरोबर कॅन्सस सिटीत शर्ट, टाय, टोप्यांचे दुकान थाटले. १९२२ मध्ये ते बुडाले. दिवाळे जाहीर करून मोकळे होण्याची सोय कायद्यात होती. ट्रुमन यांनी ती वापरली नाही. पुढे कित्येक वर्षे ते देणी फेडत राहिले. दिलेला शब्द मोडायचा नाही, हा त्यांचा पीळ मला या दुकानापासून दिसतो.

राजकारणात ते आले कॅन्सस सिटीच्या पेंडरगास्ट या बड्या पुढाऱ्याच्या आधाराने. त्या गोटाची कीर्ती काही बरी नव्हती, पण ट्रुमन यांनी स्वतःचे हात स्वच्छ ठेवले. १९३५ मध्ये ते सिनेटमध्ये गेले. १९४१ पासून युद्धखर्चातली उधळपट्टी शोधणाऱ्या समितीचे ते प्रमुख होते. त्या समितीने नाव कमावले आणि १९४४ च्या निवडणुकीत रुझवेल्ट यांच्याबरोबर उपाध्यक्षपदासाठी त्यांची निवड झाली. उपाध्यक्ष होऊन जेमतेम ८२ दिवस झाले होते. १२ एप्रिल १९४५ रोजी रुझवेल्ट गेले आणि त्याच संध्याकाळी ट्रुमन यांचा शपथविधी झाला.

अणुबॉम्बचे काम चालू आहे, हे उपाध्यक्षांना कोणी नीट सांगितलेसुद्धा नव्हते. युद्धमंत्री स्टिमसन यांनी सविस्तर माहिती दिली ती २५ एप्रिलला. ऑगस्टमध्ये हिरोशिमा आणि नागासाकी जळून गेली. त्या निर्णयाचे ओझे त्यांच्या नावावरून कधीच उतरायचे नाही. त्यावर कोणत्याही सभागृहात चर्चा झाली नव्हती, हेही विसरता येत नाही.

पुढचा मोठा निर्णय मात्र सभागृहात झाला. फेब्रुवारी १९४७ मध्ये ब्रिटनने कळवले, की ग्रीस आणि तुर्कस्तानला मदत करणे आता आपल्याला झेपत नाही. १२ मार्चला ट्रुमन यांनी काँग्रेसपुढे जाऊन या दोन देशांसाठी ४० कोटी डॉलर मागितले. दोन्ही सभागृहांत बहुमत विरोधी रिपब्लिकन पक्षाचे होते. युरोपच्या भांडणात पडू नये, ही वॉशिंग्टन यांच्यापासूनची शिकवण लोकांच्या हाडीमाशी खिळलेली. स्वातंत्र्ययुद्धात फ्रान्सशी केलेला करार १८०० मध्ये संपल्यानंतर अमेरिकेने युरोपातल्या कोणाशीही शांततेच्या काळात लष्करी करार केलेला नव्हता.

मग वाद झाला आणि तो चांगला झाला. वॉल्टर लिपमन यांच्यासारख्या पत्रकाराने आक्षेप घेतला, की अशाने कोणत्या जागी लढायचे हे शत्रूच ठरवील आणि आपण दुबळ्या राजवटींना टेकू देत बसू. विरोधी पक्षाचे आर्थर व्हँडेनबर्ग एकेकाळी अलिप्ततेचे कट्टर पुरस्कर्ते होते. त्यांनी पाठिंबा दिला, पण फुकट नाही. संयुक्त राष्ट्रांना मान देणारी दुरुस्ती त्यांनी विधेयकात घालून घेतली. सिनेटने ६७ विरुद्ध २३ मतांनी ते मंजूर केले.

नाटोच्या वेळी हाच प्रश्न अधिक टोकदार झाला. ४ एप्रिल १९४९ रोजी १२ देशांनी करारावर सह्या केल्या. एकावर हल्ला तो सर्वांवर हल्ला, हे त्याचे सार. पण व्हँडेनबर्ग आणि टॉम कॉनली हे सिनेटर अडून बसले होते, की युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसचाच राहिला पाहिजे. त्यामुळे हल्ला झाल्यावर नेमके काय करायचे ते प्रत्येक देशाने स्वतः ठरवायचे आणि आपापल्या घटनेनुसार करायचे, असे कलमांत लिहिले गेले. अमेरिकेचा शब्द आजही तेवढाच आहे, त्याहून जास्त नाही. रॉबर्ट टाफ्ट यांना तोही नको होता. या करारापाठोपाठ शस्त्रे द्यावी लागतील आणि रशिया अधिकच बिथरेल, असे त्यांचे म्हणणे. अमेरिकेला मोठे सैन्य युरोपात ठेवावे लागेल काय, या प्रश्नाला परराष्ट्रमंत्री डीन अ‍ॅचेसन यांनी सिनेटच्या समितीपुढे ठाम नकारार्थी उत्तर दिले. जुलैमध्ये सिनेटने ८२ विरुद्ध १३ मतांनी करार मान्य केला.

ट्रुमन यांची घडी विस्कटली ती कोरियात. जून १९५० मध्ये उत्तर कोरियाने दक्षिणेवर आक्रमण केले आणि ट्रुमन यांनी संयुक्त राष्ट्रांच्या ठरावाच्या आधारावर सैन्य पाठवले. काँग्रेसची मंजुरी मागितलीच नाही. टाफ्ट यांनी तेव्हा सांगितले, की प्रस्ताव आणा, मी बाजूने मत देईन. पण विचारल्यावाचून हा अधिकार तुम्हाला नाही. मला टाफ्ट यांची बाकीची मते पटोत न पटोत, हे एक म्हणणे बिनतोड वाटते. मागितली असती तर मिळाली असती, अशी ती संमती होती. वर्ष संपता संपता युरोपातही जादा सैन्य पाठवण्याचे ठरले. अ‍ॅचेसन यांचा नकार सिनेटर विसरले नव्हते. तीन महिने वाद रंगला. अखेर ४ एप्रिल १९५१ रोजी, कराराच्या दुसऱ्या वाढदिवशी, सिनेटने चार डिव्हिजन मान्य केल्या, पण यापुढे आम्हाला विचारा, असे बजावूनच.

कोरियात ३६ हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक मेले. कोरियन माणसे मेली ती लाखांनी. परत जायला तयार नसलेल्या युद्धकैद्यांना बळजबरीने परत धाडायचे नाही, यावर ट्रुमन अडून राहिले आणि युद्धबंदी लांबली. ती गाठ अखेर सोडवायला गेले भारतीय जवान. कोणत्याच गटात न गेलेला देश म्हणून १९५३ मध्ये २२ हजारांहून अधिक कैदी भारताच्या ताब्यात आले आणि त्या भारतीय पथकाचे नेतृत्व केले कोल्हापूर जिल्ह्यातल्या वडगावच्या एस. पी. पी. थोरात यांनी.

तोवर ट्रुमन पायउतार झाले होते. १९५२ च्या एका जनमत चाचणीत केवळ २२ टक्के लोक त्यांच्या कामावर खूश होते. मिसुरीतल्या घरी ते परतले तेव्हा सरकारकडून मिळणारे त्यांचे उत्पन्न म्हणजे लष्कराचे तुटपुंजे निवृत्तिवेतन. २६ डिसेंबर १९७२ रोजी ते वारले. पुढे वर्षभराच्या आतच, नोव्हेंबर १९७३ मध्ये, काँग्रेसने निक्सन यांचा नकाराधिकार धुडकावून अध्यक्षाच्या युद्धाधिकारांवर बंधन घालणारा कायदा केला.

नाटोचे सदस्य २०२४ मध्ये ३२ झाले. एकावर हल्ला तो सर्वांवर हल्ला हे कलम आजवर एकदाच लागू झाले, तेही ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर, खुद्द अमेरिकेसाठी. टाफ्ट यांना हे दिसले असते तर ते काय म्हणाले असते कोण जाणे! ट्रुमन यांचा नाटोचा शब्द इतकी वर्षे टिकला याचे कारण मला साधे वाटते. तो एकट्याने दिलेला नव्हता. भांडून, खोडून, दुरुस्त करून सगळ्या सभागृहाने दिला होता. कोरियाच्या वेळी न विचारता पाऊल टाकले गेले आणि त्याचा जाब ते अखेरपर्यंत देत राहिले. नव्या अध्यक्षाच्या परराष्ट्रधोरणावर वाद होतो, त्याला मी म्हणूनच अपशकुन मानत नाही. मला काळजी वाटते ती वादच झाला नाही तर.