धात्रीपेशीचे संशोधक एन्रिको सेर्टोली

इटलीतील पाव्हिया विद्यापीठाच्या इतिहासात १८६५ हे साल विशेष मानावे लागेल. पुढे नोबेल पारितोषिक मिळविणारे कामिल्लो गोल्जी त्याच वर्षी तेथून वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडले. आणि त्याच वर्षी तेथील एका तेवीस वर्षांच्या तरुणाने मानवी वृषणातील एका अपरिचित पेशीचे वर्णन प्रसिद्ध केले. गोल्जी यांच्या वाट्याला कीर्ती आली. एन्रिको सेर्टोली हे नाव मात्र पेशीच्या नावातच विरघळून गेले. त्यामागे एक हाडामांसाचा माणूस होता, हे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्याही क्वचितच ध्यानात येते.

आल्प्सच्या कुशीतील सोंद्रियो या गावी ६ जून १८४२ रोजी सेर्टोली यांचा जन्म झाला, तेव्हा तो मुलूख ऑस्ट्रियाच्या अमलाखाली होता. लोम्बार्डी इटलीकडे आली ती १८५९ मध्ये. पाव्हियात युसेबियो ओएल यांच्यासारखा शरीरक्रियाविज्ञानाचा गुरू त्यांना लाभला आणि सूक्ष्मदर्शकाची गोडी लागली.

शुक्राणू म्हणजे वीर्यात वाढणारे परोपजीवी कृमी, असे मानणाऱ्यांचा काळ तेव्हा नुकताच मागे पडला होता. ते वृषणातील पेशींपासूनच तयार होतात, हे कोलिकर यांनी १८४१ मध्ये दाखवून दिले होते. पण कोणत्या पेशींपासून? शुक्रजनक नलिकांमध्ये गोल पेशींची दाटी असते. त्या दाटीत सेर्टोली यांना निराळ्याच पेशी दिसल्या. नलिकेच्या भिंतीला पाय रोवून उभ्या, मेदाचे थेंब बाळगणाऱ्या आणि झाडासारख्या फांद्या फुटलेल्या. त्यांच्या कडा इतक्या अस्पष्ट, की एक पेशी कोठे संपते आणि दुसरी कोठे सुरू होते हे सांगणे कठीण. तरीही ही स्वतंत्र पेशी आहे आणि शुक्राणूंच्या निर्मितीशी तिचा संबंध असावा, हे त्यांनी ओळखले. हाती असलेली साधने पाहता ही दृष्टी विलक्षणच म्हटली पाहिजे.

पुढील शिक्षणासाठी ते व्हिएन्नाला ब्रूके यांच्याकडे गेले. परंतु १८६६ मध्ये इटली आणि ऑस्ट्रिया यांच्यात युद्ध पेटले आणि अभ्यास अर्धवट टाकून ते मायदेशासाठी लढायला परतले. युद्धानंतर ट्युबिंगेनला होप-सायलर यांच्या हाताखाली काम करून ते १८७० मध्ये मिलानच्या राजकीय पशुवैद्यक विद्यालयात शरीररचना व शरीरक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक झाले. ही जागा त्यांनी १९०७ पर्यंत सांभाळली.

खरा वाद मिलानच्या काळातच उभा राहिला. व्हिक्टर फॉन एबनर या ऑस्ट्रियन संशोधकाने १८७१ मध्ये मत मांडले, की या फांद्यांच्या पेशीच शुक्राणूंना जन्म देतात. चूक समजण्यासारखी होती. कारण पक्व होत आलेले शुक्राणू या पेशीत डोके खुपसून झुपक्याने उभे असतात आणि कणसाला दाणे लागावेत तसे ते तिलाच फुटल्यासारखे दिसतात. सेर्टोली यांनी नलिकेतील पेशींचे दोन वर्ग पाडले. एक भिंतीला धरून असणाऱ्या स्थिर पेशींचा, दुसरा विभागत विभागत आतल्या पोकळीकडे सरकणाऱ्या चल पेशींचा. शुक्राणू बनतात ते चल पेशींपासून. स्थिर पेशी जन्मदात्री नसून केवळ धात्री आहे. कालांतराने हेच मत मान्य झाले, आणि १८८८ मध्ये या पेशीला सेर्टोलींचे नाव दिले ते एबनर यांनीच. ज्या देशाविरुद्ध सेर्टोलींनी शस्त्र उचलले होते, त्याच देशाच्या आणि त्यांच्याच वयाच्या प्रतिपक्षाने दिलेला हा मान होता. २८ जानेवारी १९१० रोजी सोंद्रियो येथेच सेर्टोली यांचे निधन झाले.

या धात्रीचे कार्य किती मोठे आहे, हे त्यांच्या पश्चात उलगडत गेले. शुक्राणू तयार होण्यास सुमारे ७४ दिवस लागतात आणि या काळात त्यांचे पोषण तीच करते. शुक्राणू वयात आल्यावर निर्माण होत असल्याने शरीराची प्रतिकारशक्ती त्यांना परके समजू शकते. म्हणून शेजारच्या सेर्टोली पेशी एकमेकींना घट्ट जोडल्या जाऊन रक्त आणि बीज यांच्यामध्ये तटबंदी उभारतात. गर्भातील मुलग्याच्या शरीरात गर्भाशयाची जडणघडण थांबवणारे संप्रेरकही त्याच स्रवतात. आणि वयात आल्यानंतर त्यांची संख्या सहसा वाढत नसल्याने पुरुषाची शुक्राणुनिर्मितीची क्षमता बरीचशी त्यांच्यावरच अवलंबून राहते.

स्थिर आणि चल हा भेद आज रुग्णाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा ठरतो. वृषणातील सुमारे ९५ टक्के कर्कगाठी चल वर्गातील, म्हणजे बीजपेशींच्या असतात. त्या प्रामुख्याने पंधरा ते चाळीस या वयात होतात. न दुखणारी गाठ हे त्यांचे नेहमीचे लक्षण, आणि दुखत नाही म्हणूनच संकोचापोटी ती लपवली जाते. हे अधिक दुःखद आहे, कारण १९७० च्या दशकात सिस्प्लॅटिन हे औषध आल्यापासून नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. लहानपणी वृषण खाली न उतरलेल्यांना हा धोका अधिक असतो. सेर्टोली पेशींची गाठ मात्र माणसात अगदी विरळा, शंभरात एकही नाही. आणि ती बहुधा सौम्य असते. सूक्ष्मदर्शकाखाली गाठ पाहणाऱ्या तज्ज्ञाला ती कोणत्या कुळातली हे आधी ठरवावे लागते, कारण उपचारांची दिशा त्यावरच ठरते.

कुत्र्यांमध्ये मात्र चित्र वेगळे आहे. म्हाताऱ्या कुत्र्यांत, विशेषतः वृषण पोटातच राहिले असेल तर, सेर्टोली पेशींची गाठ पशुवैद्यांच्या चांगल्या परिचयाची. ती अनेकदा स्त्रीसंप्रेरक स्रवते. मग नर कुत्र्याचे केस दोन्ही अंगांनी सारखेच गळू लागतात, स्तन वाढतात आणि कधी अस्थिमज्जाही निकामी होते. सदतीस वर्षे पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या या प्राध्यापकाचे नाव त्यामुळे माणसांच्या इस्पितळापेक्षा जनावरांच्या दवाखान्यातच अधिक वेळा घेतले जाते.