मादागास्करचा मुख्य प्रधान रेनिलायारिव्होनी

आफ्रिकेच्या पूर्वेस समुद्रांत मादागास्कर नांवाचें मोठें बेट आहे. तेथें १८२८ सालीं एका सरदार घराण्यांत रेनिलायारिव्होनीचा जन्म झाला. जन्मदिवस अशुभ ठरल्यामुळें त्या तान्ह्या बालकाच्या दोन बोटांचीं टोकें छाटण्यांत आलीं व त्याला नातलगांच्या हवालीं करण्यांत आलें. पुढें तो लंडन मिशनच्या शाळेंत शिकला.

१८६३ सालीं राजा दुसरा रादामा ह्याला पदच्युत करण्यांत आलें. राणी रासोहेरीना हिला गादीवर बसवितांना सरदारांनीं अट घातली कीं, राणीनें एकट्याच्या मर्जीनें कायदा करूं नये. १८६४ त रेनिलायारिव्होनीचा उद्धट वडील भाऊ प्रधानपदावरून दूर झाला व तें पद ह्याजकडे आलें. सेनापति तर तो होताच. त्यानें राणीशीं विवाह केला, आणि पुढें तिच्यामागून आलेल्या दोन्ही राण्यांशींही केला. अशा रीतीनें सुमारें ३१ वर्षें राज्याचा खरा धनी प्रधानच होता.

१८६९ त त्यानें राणी दुसरी रानावालोना हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. १८८१ त त्यानें ३०५ कलमांचा कायदा केला, निरनिराळीं खातीं स्थापिलीं व मुलांस शिक्षण सक्तीचें केलें. परंतु सर्व सूत्रें त्यानें स्वतःच्याच हातीं ठेविलीं.

१८९५ च्या सप्टेंबरांत फ्रेंच सैन्यानें राजधानी अंतानानारिव्हो घेतली. वृद्ध प्रधान अल्जीअर्स येथें हद्दपार झाला व १८९६ त तेथेंच मरण पावला. १८९७ त राजपदही नष्ट झालें.

राजसत्तेस आळा घालण्यासाठीं जें पद थोर केलें, त्या पदास आळा घालणारें कोणी उरलें नाहीं. बालमित्रहो, पुष्कळ कामें करणारा मनुष्य थोर खरा. परंतु आपल्यामागें तीं चालविणारे हात जो तयार करितो, तो अधिक थोर होय.