पदवी नसलेला प्रोफेसर : पॅट्रिक गेडिस

परदेशी प्रोफेसर येणार म्हटलं की हॉल भरतो, शाल-श्रीफळ होतं, फोटो निघतात. पाहुणे गेले की मागे काय उरतं? केंद्र सरकारने २०१५ साली ‘ग्यान’ योजना काढली आणि परदेशी प्राध्यापकांना छोट्या कोर्ससाठी डॉलरमध्ये मानधन देऊ केलं. पण आपल्या मुंबई विद्यापीठाने बाहेरून प्रोफेसर आणण्याचा प्रयोग शंभर वर्षांपूर्वीच केला होता. त्या प्रोफेसरांचं नाव पॅट्रिक गेडिस.

जन्म १८५४, स्कॉटलंड. एडिंबरा विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकायला गेले आणि आठवड्याभरात कंटाळून बाहेर पडले! पुढे लंडनला हक्सलेंच्या हाताखाली शिकले, पण पदवी अशी कधी घेतलीच नाही. मेक्सिकोत असताना काही काळ दृष्टी गेली. अंधाऱ्या खोलीत बसून कागदाच्या घड्यांवर बोटं फिरवत विचारांची मांडणी करायची सवय त्यांना तिथेच लागली.

होस्टेलवाल्यांनी पुढचं नीट वाचावं. लग्न झाल्यावर गेडिस पतीपत्नी एडिंबराच्या जुन्या, गलिच्छ वस्तीतल्या चाळीत राहायला गेले आणि शेजाऱ्यांना घेऊन ती वस्ती सुधारू लागले. तिथेच १८८७ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांचं वसतिगृह काढलं. त्याचा कारभार मुलांनीच चालवायचा!

नोकरीचं काय? मार्टिन व्हाइट या धनिक मित्राने डंडीत वनस्पतिशास्त्राचं अध्यासन काढायला पैसे दिले. शिकवायचं वर्षातले तीनच महिने. उरलेले नऊ महिने गेडिस शहरं अभ्यासायला मोकळे.

१९१४ साली ते नगररचनेचं प्रदर्शन घेऊन भारतात निघाले. प्रदर्शनाचं सामान नेणारं जहाज जर्मन ‘एम्डेन’ने बुडवलं. मित्रांनी धावपळ करून नवीन सामान पाठवलं आणि १९१५ च्या सुरुवातीला मद्रासला प्रदर्शन भरलंच! मग मुंबई इलाख्यातल्या सहा शहरांसकट कितीतरी गावांचे अहवाल त्यांनी लिहिले. इंदूरला प्लेगची भीती होती, तर त्यांनी दिवाळीत उंदराची भलीमोठी प्रतिमा करून मिरवणूक काढली आणि अख्खं शहर साफ करून घेतलं. पण त्याच १९१७ साली मोठा मुलगा युद्धात गेला आणि पत्नीही भारतातच वारली. आजारी पत्नीला मुलाची बातमी कळू न देता ते तिला त्याची जुनी पत्रं वाचून दाखवत.

इकडे समाजशास्त्र शिकवण्यासाठी मुंबई विद्यापीठाला १९१४ मध्येच सरकारी अनुदान मिळालं होतं. १९१९ मध्ये विभाग सुरू झाला आणि गेडिस त्याचे पहिले प्रमुख झाले. विद्यापीठाने नुसता पाहुणा पोसला नाही, आपला माणूस परदेशी पाठवायलाही पैसे काढले. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी मुंबई शहरावर लिहिलेला निबंध गेडिसना पसंत पडला आणि घुर्ये शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेले. १९२४ मध्ये गेडिस प्रकृतीमुळे परतले तेव्हा खुर्ची रिकामी राहिली नाही, घुर्ये तयार होते! पुढे त्यांनी इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास असे विद्यार्थी घडवले. गेडिस १९३२ मध्ये फ्रान्समध्ये वारले.

जुनी वस्ती सरसकट पाडू नका, जपून, थोडीच कापाकापी करून तिला हवा-उजेड द्या, हे गेडिस यांचं सांगणं. सिडकोच्या आखीव सेक्टरांच्या शेजारी शिरवण्याचं जुनं गावठाण आहे. तिथल्या अरुंद गल्ल्यांतून आपण चहाला, झेरॉक्सला रोज जातो. उद्या यातल्याच कुणा सिव्हिलवाल्याच्या टेबलावर अशा गावठाणाचा नकाशा येईल. पेन्सिल उचलण्याआधी त्याने त्या गल्ल्यांतून एक चक्कर मारावी. पदवी नसलेल्या या प्रोफेसराची फी तेवढ्याने वसूल होईल!