गोठवलेला गर्भ आणि डॉ. सुभाष मुखोपाध्याय

तळेगाव (श्यामजी पंत) आणि आष्टीच्या भागातून मूल होण्याच्या उपचारांसाठी नागपूरला किंवा अमरावतीला जाणाऱ्या जोडप्यांच्या फाइलमध्ये आता 'एफईटी' हा शब्द पुष्कळदा दिसतो. शरीराबाहेर तयार केलेला गर्भ गोठवून ठेवायचा आणि पुढच्या एखाद्या पाळीच्या चक्रात गर्भाशयात सोडायचा, एवढाच त्याचा अर्थ. गर्भ गोठवला म्हणजे काही बिघडले की काय, अशी धास्ती घरच्यांना वाटते. तसे काही नसते. हा विचार सर्वांत आधी ज्यांनी प्रत्यक्षात आणला, ते डॉक्टर आपल्याच देशातले होते.

सुभाष मुखोपाध्याय यांचा जन्म १६ जानेवारी १९३१ रोजी हजारीबागला झाला. कोलकात्यात वैद्यकीय शिक्षण, १९५८ मध्ये पीएचडी, मग एडिनबरा येथून १९६७ मध्ये दुसरी पीएचडी. दोन्ही वेळा विषय प्रजननाशी आणि हार्मोन्सशी निगडित. परत आल्यावर ते सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवत आणि उरलेल्या वेळात संशोधन करत.

त्यांच्याकडे आलेल्या एका बाईंच्या गर्भनलिका खराब होत्या. नलिकेत बीजांड आणि शुक्राणूची गाठ पडणार नसेल, तर ती बाहेर घालून द्यायची, ही कल्पना तेव्हा इंग्लंडमध्येही आकार घेत होती. पण तिथल्या डॉक्टरांनी निसर्गतः तयार होणारे एकच बीजांड पोटातून दुर्बिणीने काढले. मुखोपाध्यायांनी हार्मोनची इंजेक्शने देऊन एकापेक्षा जास्त बीजांडे वाढवली आणि ती योनिमार्गातून काढली. इंजेक्शनांमुळे त्या महिन्यात गर्भाशयाचे अस्तर गर्भ रुजायला तितके अनुकूल राहत नाही, हे हार्मोनचा अभ्यास असल्याने त्यांच्या लक्षात आले होते. म्हणून त्यांनी गर्भ ५३ दिवस गोठवून ठेवला आणि नंतरच्या चक्रात गर्भाशयात सोडला. आज तुमचे डॉक्टर गर्भ गोठवायला सांगतात, त्यामागे बरेचदा हेच कारण असते. या कामात क्रायोबायोलॉजिस्ट सुनीत मुखर्जी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ सरोजकांती भट्टाचार्य त्यांच्यासोबत होते.

३ ऑक्टोबर १९७८ रोजी मुलगी जन्मली. तिला दुर्गा म्हणून ओळखले गेले. इंग्लंडची लुईस ब्राउन तिच्या जेमतेम सव्वादोन महिने आधीची, २५ जुलैची.

पुढचे वाचवत नाही. राज्य सरकारने नोव्हेंबरमध्ये चौकशी समिती नेमली. अध्यक्ष रेडिओफिजिक्सचे होते! समितीने दावा फेटाळला. आईवडिलांना आपले नाव बाहेर येऊ द्यायचे नव्हते. वंध्यत्वाची लाज आजही घराघरात आहे, तेव्हा तर विचारूच नका. त्यामुळे पुरावा म्हणून मूल पुढे करणे डॉक्टरांना शक्य नव्हते. जपानमधल्या परिषदेला जायची परवानगी त्यांना मिळाली नाही. १९८१ मध्ये त्यांची बदली झाली ती नेत्रचिकित्सेच्या संस्थेत. १९ जून १९८१ रोजी, वयाच्या पन्नाशीत, त्यांनी आत्महत्या केली. गोठवलेल्या गर्भातून ऑस्ट्रेलियात पहिले मूल जन्मले ते १९८४ मध्ये.

इथे गोष्ट मुंबईला येते. ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएम रुग्णालयात हर्षाचा जन्म झाला आणि भारताची पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून तिची नोंद झाली. त्या कामात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्याबरोबर डॉ. टी. सी. आनंद कुमार हे शास्त्रज्ञ होते. १९९७ मध्ये कोलकात्यात मुखोपाध्यायांच्या हस्तलिखित नोंदी त्यांच्या हाती आल्या. त्या तपासून त्यांनी 'करंट सायन्स'मध्ये लिहिले, की पहिले श्रेय मुखोपाध्यायांचे आहे. स्वतःच्या नावावरचा मान असा उतरवून देणारी माणसे थोडी.

तोवर दुर्गा मोठी झाली होती. २००३ मध्ये, पंचविसाव्या वाढदिवसाला, ती स्वतःच लोकांसमोर आली आणि तिने आपली ओळख सांगितली.