भास्कराचार्य आणि अपूर्णांकांचें गणित

गणिताच्या तासाला अपूर्णांक आले म्हणजे वर्गांतील निम्म्या चेहऱ्यांवर मळभ येतें. गुणाकार बिनचूक होतो. परंतु उत्तर संक्षिप्त रूपांत आणावयाचा कंटाळा येऊन विद्यार्थी वाटेंतच थांबतो. हाच विषय ज्यांनीं आठशें वर्षांपूर्वीं महाराष्ट्रांत गोडी लावून शिकविला, त्या भास्कराचार्यांचें चरित्र म्हणूनच आज आपणांसमोर ठेवीत आहें.

आचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४ मध्यें झाला. सह्याद्रीच्या पायथ्याचें विज्जलविड हें त्यांचें गांव. अकबराच्या दरबारांतील फैजीनें तें बीदर असल्याचें लिहून ठेविलें; त्यामुळें आम्हां रेणापूर-लातूरकडील मंडळींस मोह पडणें साहजिक आहे. परंतु बीदर सह्याद्रीपासून फार दूर, आणि शिलालेखाचा पुरावा चाळीसगांवजवळच्या पाटणकडे बोट दाखवितो. तेव्हां तो मोह आवरलेला बरा. आपल्या अभिमानास दुसरें स्थान आहे. नवव्या शतकांत महावीराचार्यांनीं गणितसारसंग्रह रचिला तो राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळांत. आणि हे राष्ट्रकूट आपणांस लत्तलूरचे, म्हणजे आपल्या लातूरचे, अधिपति म्हणवीत असत. छेदांचा लघुतम साधारण विभाज्य काढून अपूर्णांकांची बेरीज करण्याची रीत त्या ग्रंथांत आहे.

भास्कराचार्यांचे वडील महेश्वर हेच त्यांचे गुरु. वयाच्या ३६ व्या वर्षीं, शके १०७२ मध्यें, त्यांनीं सिद्धान्तशिरोमणि पुरा केला. त्याचा पहिला भाग लीलावती. मुलीचा विवाहमुहूर्त टळला व तिच्या सांत्वनार्थ हा ग्रंथ लिहिला, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. पण ती फैजीच्या १५८७ मधील फारसी भाषांतरांतून पसरली, आचार्यांच्या ग्रंथांत ती नाहीं. ग्रंथांत आहे तें याहून रंजक आहे.

एका कृपणानें याचकास दान दिलें. किती? एका द्रम्माच्या अर्ध्याच्या दोन तृतीयांशाच्या तीन चतुर्थांशाचा पांचवा भाग. त्याचा सोळावा, आणि त्याचाही चौथा! अंशांचा गुणाकार ६ आणि छेदांचा ७६८० येतो. येथेंच जो विद्यार्थी थांबेल त्यास दान किती मिळालें हें कधींच कळणार नाहीं. अंश व छेद दोहोंस ६ नें भागिलें असतां १२८० वा भाग उरतो. आतां नाण्यांचें कोष्टक पहा. एका द्रम्माचे १६ पण, एका पणाच्या ४ काकिणी, एका काकिणीच्या २० कवड्या; म्हणजे द्रम्माच्या कवड्या बरोबर १२८०. शेठजींनीं एक कवडी दिली होती! जें ७६८० च्या आड लपलें होतें तें अपवर्तन करितांच उघडें पडलें. चाणाक्ष मुलगा तर गुणाकाराच्या आधींच अंशांतले २ आणि ३ छेदांतल्या २ आणि ३ शीं काटून टाकील व श्रम वांचवील.

परंतु साधारण भाजक नजरेस न आला तर काय करावें? कुट्टक प्रकरणांत आचार्यांनीं याचें उत्तर दिलें आहे: दोन्ही संख्यांनीं परस्परांस भागीत जावें, आणि ज्या शेषानें शेवटीं निःशेष भाग जाईल तोच अपवर्तनांक. त्यांच्याच उदाहरणांतील २२१ आणि १९५ या संख्या घ्या. २२१ ला १९५ नें भागितां शेष २६. १९५ ला २६ नें भागितां शेष १३. आणि १३ नें २६ ला पूर्ण भाग जातो. म्हणून १३ नें दोहोंस भागा. १७ आणि १५ उरतात. ग्रीक पंडित युक्लिड यानेंही हीच रीत इसवी सनापूर्वीं सुमारें ३०० वर्षें आपल्या ग्रंथांत सांगितली होती.

आचार्यांचें सर्वच आज जसेंच्या तसें ग्राह्य आहे असें नाहीं. ज्या अपूर्णांकाचा छेद शून्य, त्याला त्यांनीं खहर असें नांव देऊन अनंत मानिलें. आधुनिक अंकगणित शून्यानें भागण्यास मुळींच परवानगी देत नाहीं. तथापि तो प्रश्न त्यांनीं टाळिला नाहीं, हें मला विशेष वाटतें.

वयाच्या ६९ व्या वर्षीं, ११८३ मध्यें, त्यांनीं करणकुतूहल हा ग्रंथ लिहिला. पुत्र लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या पदरीं पंडित होता, आणि नातू चांगदेव सिंघण राजाचा ज्योतिषी झाला. आजोबांचे ग्रंथ शिकविले जावे म्हणून चांगदेवानें पाटण येथें मठ स्थापिला. शके ११२८ मध्यें निकुंभवंशीय सोइदेवानें त्यास दान दिलें. तो शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं १८६५ च्या सुमारास प्रकाशांत आणिला. लेख संस्कृतांत असला तरी मठाच्या उत्पन्नाचा शेवटचा तपशील आपल्या जुन्या मराठींत आहे, आणि त्यांत गिऱ्हाइकाकडून घ्यावयाचा हिस्सा सांगितला आहे तो दामाचा विसोवा, म्हणजे विसावा भाग.