डॉ. पांडुरंग खानखोजे

भूगोलाच्या तासाला स्पॅनिश भाषा बोलणाऱ्या देशांच्या राजधान्या पाठ करताना विद्यार्थ्यांची जी त्रेधा उडते, ती आम्ही दरवर्षी पाहतो. स्पेनची माद्रिद, क्यूबाची हवाना, पेरूची लिमा, कोलंबियाची बोगोटा, अर्जेंटिनाची ब्वेनोस आयरेस असे म्हणता म्हणता यादी वीस देशांपर्यंत जाते, आणि परीक्षा संपताच विस्मृतीत विलीन होते. परंतु यांपैकी मेक्सिको देशाच्या राजधानीशी, म्हणजे मेक्सिको सिटीशी, आपल्या वर्ध्याच्या एका सुपुत्राचे आयुष्य निगडित आहे. ते चरित्र ज्यास ठाऊक झाले, त्यास ते नाव पुन्हा पाठ करावे लागणार नाही, अशी आमची खात्री आहे.

पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा जन्म १८८४ साली वर्धा येथे झाला. त्यांचे शिक्षण वर्धा व नागपूर येथे झाले. देश पारतंत्र्यात असल्याचे शल्य त्यांच्या मनास बालपणापासूनच टोचत होते. शस्त्रविद्या शिकल्यावाचून इंग्रजांस हुसकता येणार नाही, असे त्या वयात त्यांस वाटे. लोकमान्य टिळकांचा सल्ला घेऊन त्यांनी घर सोडले व ते जपानमार्गे अमेरिकेस पोहोचले. जवळ द्रव्य नव्हते. म्हणून मोलमजुरी करीत त्यांनी विद्या संपादन केली. कॅलिफोर्नियातील एका सैनिकी शाळेत ते युद्धशास्त्र शिकले आणि पुढे ऑरेगॉन व वॉशिंग्टन या राज्यांतील महाविद्यालयांत कृषिशास्त्राचे अध्ययन केले. एका हाती तलवार व दुसऱ्या हाती नांगर अशी ही विलक्षण जोडी होती. यांपैकी अखेरीस कोणता हात वर राहिला, हेच त्यांच्या चरित्राचे सार होय.

१९१३ साली अमेरिकेत गदर पक्षाची स्थापना झाली, तीत खानखोजे अग्रभागी होते. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटताच ते तुर्कस्तानमार्गे इराणात शिरले व तेथील टोळ्यांच्या साहाय्याने इंग्रजांशी लढले. या लढ्यात ते जखमी झाले व शत्रूच्या हाती सापडले. तथापि मोठ्या शिताफीने निसटले. युद्ध संपले, बेत फसले, आणि स्वदेशाची दारे त्यांस बंद झाली. मॉस्को, बर्लिन असा प्रवास करीत १९२४ साली हा निर्वासित मेक्सिकोत येऊन ठेपला.

त्या देशाचा इतिहास येथे थोडक्यात सांगितला पाहिजे. १५२१ साली स्पॅनिश लोकांनी तेथील आझ्टेक राज्य जिंकून त्यांच्या राजधानीच्या जागीच आपले नगर वसविले. सुमारे ३०० वर्षे त्यांचा अंमल चालला. १८२१ साली मेक्सिको स्वतंत्र झाला. परंतु जमीन मात्र मूठभर जमीनदारांच्याच हाती राहिली. म्हणून १९१० साली तेथे क्रांती झाली व कसणाऱ्यास जमीन देण्याचे कार्य सुरू झाले. जमीन मिळालेल्या शेतकऱ्यास आता ज्ञान हवे होते, आणि ते देणारा शिक्षक वर्ध्याहून निघून अर्ध्या जगाला वळसा घालून आला होता.

खानखोजे यांनी स्पॅनिश भाषा आत्मसात केली आणि राजधानीनजीक चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात अध्यापन आरंभिले. शेतकऱ्याने विद्यालयात यावे अशी वाट पाहत बसण्यापेक्षा विद्येनेच शेतकऱ्याच्या बांधावर जावे, असा त्यांचा आग्रह असे. त्यातूनच गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा निघाल्या. आपल्याकडे जशी ज्वारीची भाकरी, तशी तेथे मक्याची. त्या मक्याच्या व गव्हाच्या सुधारित जाती निर्माण करण्यासाठी त्यांनी अहोरात्र परिश्रम केले.

सुप्रसिद्ध चित्रकार दिएगो रिवेरा यांनी मेक्सिको सिटीतील शिक्षणखात्याच्या इमारतीच्या भिंतींवर चित्रे काढली आहेत. त्यांतील एकात अनेक जण मेजाभोवती बसले असून मध्यभागी एक पुरुष भाकर मोडीत आहे. तो पुरुष म्हणजे आपले खानखोजेच, असे सांगतात. ज्या रोजच्या भाकरीसाठी आम्ही प्रार्थना करतो, तिच्यावरूनच त्या चित्राचे नाव ठेवलेले आहे. बंदूक शोधीत निघालेल्या माणसाच्या हाती अखेरीस भाकर आली! यास ईश्वरी योजना म्हणावे, असे आम्हांस वाटते.

१९३६ साली त्यांनी झां सिंदिक या बेल्जियन महिलेशी विवाह केला. त्यांस दोन कन्या झाल्या. १९४७ साली देश स्वतंत्र झाला, तरी ज्याने त्यासाठी तारुण्य वेचले, त्यास परतीची परवानगी सहजासहजी मिळाली नाही. परक्या सरकारने घातलेली बंदी नव्या दप्तरातही रेंगाळली होती. अखेर ती उठली, ते नागपुरास येऊन राहिले, आणि २२ जानेवारी १९६७ रोजी तेथेच त्यांनी देह ठेवला. २०२२ साली चापिंगो येथे त्यांचा पुतळा उभारण्यात आला. येथे आपण त्यांस जवळजवळ विसरलो. तेथे ते स्मरणात राहिले.

विद्यार्थिमित्रहो, आमची ही कॅम्प ५ ची वस्ती मुळात लष्करी छावणीच्या जागी, १९४७ नंतर सिंध सोडून आलेल्या कुटुंबांनी वसविली. तुमच्यापैकी कित्येकांच्या आजोबा-पणजोबांनी घर मागे टाकून येथे परकी भाषा शिकली, दुकाने व कारखाने उभारले आणि या भूमीस आपले म्हटले. घर सुटण्याचे दुःख काय असते, हे तुमच्या घरातील वडीलधारी मंडळी आमच्याहून अधिक चांगले सांगतील. त्यांस ते अवश्य विचारा. गमावलेल्या गावाबद्दल झुरत न बसता, आश्रय देणाऱ्या भूमीच्या पदरात आपली विद्या व श्रम टाकावेत, हा खानखोजे यांच्या जीवनाचा बोध आहे. पुढच्या परीक्षेत मेक्सिकोची राजधानी लिहिताना भाकर मोडणारा तो वर्धेकर तुमच्या डोळ्यांपुढे उभा राहो, हीच आमची इच्छा.